उसनी सिस्टर

मिरजेला नर्सिंग शिकत असताना आमच्या मेट्रन म्हणायच्या की नर्सने एका वॉर्डात निदान वर्षभर मुरलं पाहिजे, तरच तिला पेशंट कळतो. पुढे जर्मनीत मी जे काम केलं, त्यात एका वॉर्डात दोन महिन्यांपेक्षा जास्त कधी राहिलेच नाही. मी एका कंपनीच्या पगारावर होते आणि ती कंपनी मला वेगवेगळ्या हॉस्पिटलांत पाठवायची. कुठे सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली, कुठे दोघी एकदम आजारी पडल्या, कुठे नवा वॉर्ड उघडला आणि माणसं मिळेनात, की मला फोन यायचा. मग मी बॅग भरायची. तिकडे अशा नर्सला 'लाइश्वेस्टर' म्हणतात. लाइ म्हणजे उसनं. उसनी सिस्टर. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तशी.

या कामावर माझा फार जीव होता, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी ती वर्षं रडत काढली. रडले, पण कामापायी नाही.

लग्न झालं तेव्हा मी पुण्यात एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला होते. ह्यांना स्टुटगार्टला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर काम मिळालं आणि दोन हजार सालानंतर लगेचच आम्ही तिकडे गेलो. टेकडीच्या उतारावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक अगदी लहान, पलंगही न मावणारी खोली, असं घर मिळालं. तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला त्या इमारतीत एक पाटी अडकवत. आमची पाळी असली की या बाई पायऱ्यांच्या कोपऱ्यांतून बोट फिरवून बघायच्या. मला त्यांची भीती वाटायची. मी घरी बसून होते. इकडची नर्सिंगची पदवी तिकडे चालत नव्हती, आणि भाषा म्हणाल तर संध्याकाळच्या वर्गात 'हा टेबल आहे, ही खुर्ची आहे' एवढीच झाली होती.

दुसऱ्या हिवाळ्यात मला दिवस गेले. आम्ही त्या लहान खोलीला पिवळा रंग दिला. ह्यांनी स्वतः दिला, सुट्टी घेऊन. रंग देताना ते मोठमोठ्याने गाणी म्हणत होते आणि मी दारात उभी राहून, 'अहो, हळू, खालच्या बाई येतील वर,' म्हणून हसत होते.

सातवा महिना सरला होता. एका सकाळी हे कामावर गेल्यावर मी ओट्यापाशी उभी होते आणि पोट दगडासारखं घट्ट झालं. झालं ते सैल होईना. मी नर्स होते. याचा अर्थ काय, ते मला कळत होतं. मी जिन्यात आले आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, मराठीत ओरडले असणार. तळमजल्यावरच्या बाई वर आल्या, त्यांनी मला पायरीवर बसवलं, माझ्या पाठीमागे स्वतः बसून मला टेकू दिला आणि कुणाला तरी हाका मारून ॲम्ब्युलन्स मागवली. ती येईपर्यंत त्या माझ्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

पूर्ण भूल देऊन माझं सिझेरियन केलं. वार आधीच सुटली होती. मुलगी होती. ती जन्मली तेव्हा गेलेली होती.

मी शुद्धीवर आले तेव्हा हे पलंगाशी बसलेले होते आणि पायथ्याशी एक वयस्क सुईण उभी होती. खरं म्हणजे सुईण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळंच काही येतं. ही पांढऱ्या कपड्यांतली, केस पांढरे झालेली, शिकलेली बाई. तिने माझ्याकडे बघून हळू आवाजात काहीतरी विचारलं. त्या वाक्यातला एकच शब्द मला समजला, बघणे. काय बघायचं? माझ्या डोक्यात भुलीचं धुकं होतं. मला वाटलं, जखम बघायची आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "नाइन." म्हणजे नाही. सुईणीने पुन्हा मलाच विचारलं, आणि ह्यांनी पुन्हा, जरा जोरात, तेच उत्तर दिलं. मग ती माझ्या पायावर हात ठेवून निघून गेली.

मी अजून हॉस्पिटलातच असताना तिला पुरलं. हे आणि त्यांच्या कंपनीतला एक सहकारी, दोघंच गेले होते. मला टाके होते, चालता येत नव्हतं. नंतर भाषा जरा सुधारली, तेव्हा एक दिवस भांडी घासता घासता ते वाक्य आपोआप माझ्या कानात पूर्ण झालं. 'तुम्हाला तुमचं बाळ बघायचं आहे का?' एवढंच विचारत होती ती. मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले.

ह्यांना मी काही बोलले नाही. माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "बघितलं नाहीस ते बरं झालं गं. बघितलं की जीव अडकतो." माझी आईही तेच म्हणाली. सगळ्यांना वाटत होतं की बरं झालं. मग मी कुणाशी काय बोलणार? ह्यांनीही तो विषय काढला नाही. एकदा ते मला कबरस्तानात घेऊन गेले. नुकती भरलेली ओली माती होती, फुटभर रुंद. मी फाटकाबाहेर येऊन ओकले. त्यानंतर त्यांनी चल म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

मी भाषेच्या मागे लागले. शेजारी-पाजारी म्हणायचे, किती जिद्द आहे. जिद्द कसली, मला त्या देशात परत कधी कुणी माझ्या वतीने उत्तर दिलेलं नको होतं. वर्ग, परीक्षा, मग पदवीला मान्यता मिळवण्यासाठी एका हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून काम, मग पुन्हा परीक्षा. तळमजल्यावरच्या बाईंनी मला त्यांची बोली शिकवली. "पुस्तकातली जर्मन बोलशील तर इथले म्हातारे तुला डॉक्टर समजून घाबरतील," असं म्हणायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी दुखणं, जळजळणं, ठणकणं, मळमळणं यांचे शब्द पाठ केले.

मान्यता मिळाली, स्टुटगार्टमध्येच कायमची नोकरी मिळत होती, आणि मी ती नाकारून या फिरत्या कामाची नोकरी घेतली. कारण साधं होतं. रोज संध्याकाळी घरी आलं की ती पिवळी खोली होती. आम्ही तिच्यात इस्त्रीचं टेबल आणि रिकाम्या बॅगा ठेवल्या होत्या, पण रंग तोच होता. ह्यांना मी सांगितलं, "सोमवारी जाईन, शनिवारी-रविवारी जमेल तसं येईन."  ते म्हणाले, "तुला बरं वाटणार असेल तर जा."

मला खरंच बरं वाटलं.

पहिलं गाव टुटलिंगन होतं, डोंगरातलं. तिथला एक शेतकरी आजोबा मला रोज काहीतरी सांगायचा आणि मला त्यातलं अक्षर समजायचं नाही. शेवटी कळलं की तो त्याच्या गाईंची चौकशी करायला मला त्याच्या घरी फोन लावायला सांगतोय. मी फोन लावला. गाई ठीक होत्या. मग तो मुकाट्याने औषध घेऊ लागला. बाड हॉम्बुर्गला मी अर्धांगाच्या पेशंटांना पुन्हा चालायला शिकवणाऱ्या वॉर्डात होते. तिथे एक निवृत्त ट्रामचालक होते. मी त्यांना कमरेला धरून पॅसेजमधून चालवायची आणि ते दर दहा पावलांनी खणखणीत आवाजात घोषणा द्यायचे, "पुढचा थांबा, चहाची खोली! उतरताना दरवाजा सांभाळा!" बाकीचे पेशंट आपापल्या दारांत येऊन उभे राहायचे. एक दिवस त्यांनी माझा हात सोडला आणि एकटेच खिडकीपर्यंत गेले. तिथे पोचल्यावर घोषणा करायची विसरले. नुसते बाहेर बघत राहिले. मी पॅसेजच्या मधोमध उभी राहून हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

उसन्या सिस्टरला काही गोष्टी पटकन शिकाव्या लागतात. नव्या वॉर्डात शिरल्याबरोबर इमर्जन्सीची ट्रॉली कुठे आहे ते बघायचं. कॉफीच्या खोलीत कुणाचा मग कोणता ते विचारून मगच हात लावायचा. आमच्याकडे हे असं नसतं, हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, कारण आमच्याकडे म्हणायला आपल्याला वॉर्डच नसतो. पहिल्या दिवशी सगळ्या जणी आपल्याकडे पाहुणी म्हणून बघतात आणि सगळ्यात नावडते पेशंट आपल्या वाट्याला देतात. आठवड्याभरात, आपण मागे हटत नाही असं दिसलं की, कुणीतरी आपल्यासाठीही केकचा तुकडा बाजूला ठेवते. तो केकचा तुकडा मिळाला की मला फार मोठं काही मिळवल्यासारखं वाटायचं. आणि मग थोड्याच दिवसांत निघायची वेळ यायची. राहायला हॉस्पिटलच्या वसतिगृहात एक खोली असे. माझ्या बॅगेत लहान कुकर, मेतकूट, आणि माझ्या स्वतःच्या चपला, एवढं कायम असायचं.

कंपनीला मी एकच अट घातली होती. बाळंतिणींचा आणि बायकांचा वॉर्ड मला द्यायचा नाही. नेमणुका ठरवणाऱ्या बाईने कारण विचारलं नाही, नुसतं "बरं, लिहून ठेवते," म्हणाली, आणि तिने ते कायम पाळलं.

अशी काही वर्षं गेली. घरी मी पाहुणीसारखी यायची. ह्यांनी स्वयंपाक करून ठेवलेला असायचा. आम्ही एकमेकांशी फार चांगलं वागायचो. इतकं चांगलं की बघणाऱ्याला हेवा वाटावा. मी वॉर्डातल्या गमती सांगायची, ते कंपनीतल्या सांगायचे, आणि रविवारी दुपारी ते मला एस-बानच्या, म्हणजे तिकडच्या लोकलच्या, स्टेशनपर्यंत पोचवायला यायचे.

मग ड्युसेलडॉर्फ आलं. तिथे मी सर्जरीच्या वॉर्डात होते. एका सकाळी औषधं वाटत असताना वरच्या मजल्यावरची एक सुईण मला शोधत आली. माझ्याहून लहान असेल. म्हणाली, "तुम्ही भारतातल्या ना? तुम्हाला मराठी नावाची भाषा येते का?"

मी हो म्हटलं.

"आमच्याकडे एक बाई आहे. काल रात्रीपासून ती कुणाशीच बोलत नाही. डोळे उघडे आहेत, पण बोलत नाही. नवरा म्हणतो, तिला इंग्रजी छान येतं, पण तिने इंग्रजीही बंद केलंय. तुम्ही दहा मिनिटं याल का?"

मी विचारलं, "काय झालंय तिला?" खरं म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून मला आधीच कळलं होतं.

"आठवा महिना," ती म्हणाली. "बाळाचे ठोके थांबले होते. पहाटे जन्मलं."

मला नाही म्हणता आलं असतं. अट होती. आमच्या वॉर्डच्या इनचार्जनेही सांगितलं, तुम्हाला जायलाच पाहिजे असं नाही. माझ्या हातात औषधांचा ट्रे होता, तो मी इनचार्जच्या हातात दिला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेले.

खोलीत पलंगावर एक पंचविशीतली मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. खुर्चीत तिचा नवरा, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा, पुण्याचाच. त्याचे डोळे सुजलेले, हातात मोबाइल. मी मराठीत बोलल्याबरोबर तो ताडकन उठला.

"ताई, तुम्ही मराठी? बरं झालं आलात. यांना जरा समजावून सांगा ना. सारखं विचारतायत, बाळ बघायचं का, हातात घ्यायचं का. मी नाही सांगितलंय. आईशी बोललो मी, ती पण म्हणाली, अजिबात दाखवू नका. ही कोसळेल हो. तुम्ही सांगा त्यांना, आता परत विचारू नका म्हणून."

मी त्याच्याकडे बघत राहिले. चांगला मुलगा होता. रात्रभर तो त्या खुर्चीत बसलेला दिसत होता. पलंगाशेजारची पाण्याची बाटली, पुसायचे रुमाल, सगळं त्याने नीट लावून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "तिला कुणी विचारलं का?"

"ती बोलतच नाहीये ना."

"मराठीत विचारलं का?"

त्याने मोबाइल बाजूला ठेवला.

मी पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेले. तिथे जागा अरुंद होती, मी खाली गुडघ्यांवर बसले, म्हणजे माझा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. मी म्हटलं, "मी मिरजेची. इथे नर्स आहे. तू कुठली गं?"

तिचे ओठ हलले. "सातारा."

"बरं. मी तुला एक विचारते. घाई नाही. हो म्हटलंस तरी चालेल, नाही म्हटलंस तरी चालेल, आणि आत्ता सांगता येत नाही म्हटलंस तरी चालेल. बाळ शेजारच्या खोलीत आहे. तुला बघायचंय?"

 तिने माझी बाही धरली. म्हणाली, "ताई, भयंकर दिसतं का?"

मी बाहेर जाऊन त्या सुईणीला भेटले आणि बाळ बघितलं. मग परत येऊन तिला सांगितलं. "मुलगा आहे. ओठ काळसर निळे झालेत. कातडी एके ठिकाणी, दंडापाशी, जरा सुटली आहे, तिथे त्यांनी कापड गुंडाळलंय. बाकी झोपलेल्या बाळासारखा दिसतो. थंड लागेल हाताला. ते मनात धरून ठेव, म्हणजे दचकणार नाहीस."

"मग आणा," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "अगं पण..." मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल." तो थांबला नाही बाहेर. पलंगाच्या कडेला येऊन बसला.

सुईणीने बाळ आणून तिच्या हातात दिलं. ती आधी नुसतीच बघत होती. मग तिने दुपटं उघडून त्याचे पाय बघितले, बोटं चाचपली, कान बघितले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुझे कान आहेत रे." आणि मग ती रडायला लागली, मोठ्याने, गळा काढून, आपल्याकडे रडतात तशी. तो वॉर्ड असं रडणं ऐकायला सरावलेला नव्हता. पॅसेजमधली दारं उघडल्याचे आवाज आले. मी उठून दार लावून घेतलं आणि आतून त्याला पाठ लावून उभी राहिले.

त्यांना हवा तेवढा वेळ दिला. मग मी खाली माझ्या वॉर्डात गेले, ड्युटी पूर्ण केली, ड्रेसिंगं बदलली, संध्याकाळच्या पाळीला सगळे पेशंट समजावून दिले. वसतिगृहाच्या खोलीत आले आणि कोट न काढता पलंगावर बसले. 

त्या शनिवारी सकाळी मी घरी पोचले. हे पोहे करत होते. मी बॅग दारातच ठेवली आणि ओट्यापाशी जाऊन सगळं सांगितलं. सातारची ती मुलगी, तिचा नवरा, ते कान. सांगताना माझा आवाज शांत होता. ह्यांनी गॅस बंद केला होता, पण झारा हातातच होता.

मग मी विचारलं, "अहो, कशी होती ती?"

  ते खाली, स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसले, कपाटाला टेकून.

"केस होते," ते म्हणाले. "खूप. काळेभोर. मला माहीतच नव्हतं, एवढ्या लहान बाळाला एवढे केस असतात म्हणून. सुईणीने टोपी घातली होती, ती मी काढून बघितली. कपाळ तुझ्या आईसारखं, रुंद. हनुवटीला खळी. नखंसुद्धा आलेली होती गं."

"तुम्ही घेतलंत हातात?"

"बराच वेळ. तू ऑपरेशन टेबलावर होतीस. त्यांनी मला एका खोलीत बसवलं आणि ती माझ्याकडे दिली. मी तिला... मी तिला आपल्या घराचं सगळं सांगितलं. खोलीचं, रंगाचं. काय वेड्यासारखं."

मी म्हटलं, "मग मला का नाही?"

"मला वाटलं, तुला सोसणार नाही. मला सोसलं नव्हतं. मला वाटलं, निदान एकीला तरी वाचवू."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी त्यांच्या गळ्यात पडून रडेन. तसं झालं नाही. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "तुम्ही तिला पोटभर बघितलंत, बोललात तिच्याशी, आणि मला काय दिलंत? फुटभर माती." आणखीही पुष्कळ बोलले. इतक्या वर्षांचं सगळं. त्यांनी एकही शब्द खोडला नाही. पोहे तसेच राहिले. रविवारी मी एकटीच स्टेशनवर गेले.

पुढचे काही आठवडे आम्ही फोनवर जेवलात का, जेवलीस का, एवढंच बोलायचो. जेवलीस का हे ते विचारायचे आणि मी हूं म्हणायची. मग एकदा फोनवर मधेच ते म्हणाले, "तिची पापणी अर्धवट उघडी होती. डावी. सांगायचं राहिलं होतं." मी फोन ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक काहीतरी सांगितलं. त्यानंतर रोजच थोडं थोडं. काही गोष्टी त्यांनी दोनदा सांगितल्या, काही दोनदा सांगताना वेगळ्या झाल्या. मला चालत होतं.

तिची नोंद करताना ऑफिसात त्यांना नाव विचारलं होतं, आणि आम्ही नाव ठरवलेलं नसल्यामुळे त्यांनी एकट्याने ते दिलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पण मला ते आवडलं. मी सुचवलं असतं तर कदाचित तेच सुचवलं असतं.

वसंतात आम्ही दोघं कबरस्तानात गेलो. मी कल्पना केली होती तशी ती जागा ओसाड नव्हती. जांभळ्या फुलांची बुटकी झुडपं लावलेली, कडेने लहान दगड, एक पाण्याची झारी झाडाआड ठेवलेली. फाटकापाशी भेटलेल्या माळ्याने ह्यांना ओळखीचा हात केला. मी रविवारी दुपारी गाडीत बसले की हे स्टेशनवरून परस्पर इकडे यायचे. तळमजल्यावरच्या बाईही कधी कधी बरोबर यायच्या, जोवर त्यांना चालवत होतं तोवर. त्यांनीही मला कधी सांगितलं नाही. त्याच वर्षी त्या बाई वारल्या.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. डॉक्टरांकडे फेऱ्या घातल्या, मग थांबलो. सातारच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. ती घरी गेली आणि पंधरवड्यात माझीही तिथली मुदत संपली. उसन्या सिस्टरला पेशंटचा शेवट कळत नाही, क्वचित कुणाची सुरुवात कळते. मी मात्र कंपनीतल्या त्या बाईला फोन करून माझी अट काढून टाकायला सांगितली. तिने या खेपेलाही कारण विचारलं नाही. त्यानंतर निरनिराळ्या गावांत मी अशा पुष्कळ खोल्यांत गेले. तुर्की बायका होत्या, पोलिश होत्या, तिथल्याच होत्या. प्रत्येकीला मी विचारलं, आणि तिच्या तोंडून उत्तर येईपर्यंत थांबले. काहींनी नाही म्हटलं. तेही मी तसंच घेतलं. दर वेळी खोलीतून बाहेर आल्यावर थोडा वेळ मला कुणाशी बोलता यायचं नाही, आणि ते कधीच कमी झालं नाही. पण मी या कामात कशासाठी आहे, हे मला तेव्हापासून विचारावं लागलं नाही.

काही वर्षांनी बाड हॉम्बुर्गच्या हॉस्पिटलने मला कायमची जागा देऊ केली. एका वॉर्डची इनचार्ज, नवीन सिस्टरांना शिकवायचंही काम. अशी जागा पुन्हा आली नसती. मी शनिवारी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते खूश झाले.

"घे की मग," ते म्हणाले. "मला फ्रँकफर्टकडे काहीतरी मिळेल. रोज एका घरात तरी राहू. इतकी वर्षं नुसती बॅग उचलतेयस."

मी म्हटलं, "आणि स्टुटगार्ट सोडायचं?"

ते खिडकीकडे वळले. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि माझ्यासाठी त्यांनी ते गिळलं होतं. खिडकीतून समोरची टेकडी दिसत होती.

"नको ना," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले.

सोमवारी मी बाड हॉम्बुर्गला नकार कळवला. पुढची नेमणूक उल्मला होती, तिथल्या वॉर्डात कुणाला ओळखत नव्हते. रविवारी दुपारी, स्टेशनवर जायच्या आधी, आम्ही दोघं तिच्याकडे जाऊन पाणी घालून आलो.